कुठेही उघडणारी फाईल

गेल्या वर्षी नववीचा विज्ञानाचा पेपर चौकोनांत छापून आला. प्रश्नाच्या जागी चौकोन, मध्येच एखादं प्रश्नचिन्ह, पुन्हा ओळभर चौकोन आणि शेवटी कंसात 'पाच गुण', एवढंच काय ते वाचता येत होतं. विज्ञानाच्या मॅडमनी घरी टाइप केला तेव्हा पेपर धडधाकट होता. पण छपाईच्या दुकानातल्या कॉम्प्युटरकडे मॅडमच्या घरचा फॉन्ट नव्हता, म्हणून त्याने आपल्या पदरचे चौकोन घातले. त्यात नवल नाही. नवल हे, की मुलांनी तो पेपर पूर्ण तीन तास सोडवला, चौघांनी पुरवण्या घेतल्या आणि निकाल आदल्या वर्षीपेक्षा चांगला लागला.

संस्थेच्या अध्यक्षांना मात्र ही गोष्ट लागली. यंदा परीक्षेच्या पंधरा दिवस आधी ते शिक्षकांच्या खोलीत आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "सगळे पेपर एकाच माणसाने गोळा करायचे. कुठल्याही कॉम्प्युटरवर, कुठल्याही मोबाईलवर, कुठल्याही दुकानात जसेच्या तसे उघडले पाहिजेत. शनिवारी गठ्ठे सीलबंद करून माझी सही घ्यायची. सोमवारी परीक्षा." मग टेबलावर बोटं वाजवत जरा खालच्या आवाजात म्हणाले, "हे जो बिनचूक करेल, त्याच्या हातात शाळा द्यायला मी मागेपुढे बघणार नाही."

मुख्याध्यापिकाबाई महिनाअखेर निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या खुर्चीकडे दोघं डोळे लावून बसले होते. एक गणिताचे सर, सेवेने सगळ्यांत ज्येष्ठ. दुसरे चित्रकलेचे सर, ज्यांनी काढलेलं अध्यक्षांचं चित्र अध्यक्षांच्याच दिवाणखान्यात लागलेलं होतं आणि ज्यात अध्यक्षांना भरपूर केस होते.

"गणिताच्या सरांना कशाला त्रास?" चित्रकलेचे सर म्हणाले. "त्यांचा स्वतःचा पेपर बावीस वर्षं एकच आहे. मुलांना तोंडपाठ. छापायचीसुद्धा गरज नाही."

खोली हसली. गणिताच्या सरांचे कान लाल झाले, आणि कान लाल झालेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. "मी करतो," म्हणाले.

घरी बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "अहो, गेल्या महिन्यात तुम्ही धाकट्या वन्संना वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवायला बसलात आणि अख्ख्या घराण्याला ग्रुपमधून काढून टाकलंत."

"ते निराळं. साधी फाईल म्हणजे कच्ची वीट. या घरातून त्या घरात नेताना कोपरा झडतो, आकार बदलतो. पीडीएफ म्हणजे भाजलेली वीट. एकदा भाजली की जगात कुठेही न्या, तशीच."

"आणि कच्च्या विटेत किडा असला तर?"

"तोही भाजला जातो," सर म्हणाले. विषय संपला असं त्यांना वाटलं.

फाईली गोळा करता करता सरांच्या लक्षात आलं की शिक्षक ही जमात मुलांपेक्षा अवघड. भाषेच्या बाईंनी पेनड्राईव्हमध्ये फाईल न आणता फाईलकडे जाणारा बाण तेवढा आणला. म्हणजे घर आणतो म्हणून घराचा पत्ता आणण्यातला प्रकार. इतिहासाच्या सरांनी पलंगावर कागद पसरून मोबाईलने त्याचा फोटो काढला. त्यात प्रश्न तीनवर त्यांचा अंगठा होता, पायाचा. चित्रकलेच्या सरांनी आपल्या फाईलला कुलूप घातलं आणि पासवर्ड विसरले. "कलावंताचं डोकं आहे," म्हणाले. "त्यात आकडे राहत नाहीत."

पण बाण, अंगठा, कुलूप सगळं निस्तरून खऱ्या फाईली एकत्र आल्यावर एक गोष्ट सरांच्या नजरेत भरली. विषय वेगळे, इयत्ता वेगळ्या, पण प्रत्येक फाईलच्या माहितीत 'लेखक' या रकान्यात एकच नाव. टायपिस्टबाईंचं.

आता या बाई कोण, ते सांगितलं पाहिजे. शाळेचे सगळे पेपर तीस वर्षं त्यांनी टाइप केले. आठ वर्षांपूर्वी वारल्या, तेही परीक्षेच्या आठवड्यात, शेवटचा पेपर टाइप करून, कॉम्प्युटरवर कापड घालून झाल्यावर. अर्धं काम टाकून जाणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्यांच्यानंतर शिक्षक स्वतः टाइप करू लागले. पण शाळेचं नाव मधोमध, डाव्या हाताला बोधचिन्ह, उजव्या हाताला वेळ आणि गुण, खाली सरळ रेघ, हे डोकं एकालाही जमेना. चिन्ह आलं की रेघ पळायची, रेघ आली की नाव खाली घसरायचं. म्हणून सगळ्यांनी एक सोपी वाट काढली. बाईंची जुनी फाईल उघडायची, तिच्यातले प्रश्न पुसायचे, आपले भरायचे. पुढच्या वर्षी ते पुसायचे. आठ वर्षांत कोणी नवी फाईल म्हणून केली नाही. सगळी शाळा बाईंच्याच कागदावर लिहीत होती.

गुरुवारी दुपारी सर झेरॉक्सवाल्याकडे पहिली चाचणी घ्यायला गेले. पीडीएफ उघडली. एकही चौकोन नाही. सरांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं, विजयी माणसाने पुसावं तसं. झेरॉक्सवाल्याने विज्ञानाचा पेपर छापून हातात दिला, आणि पानाच्या अगदी तळाशी, जिथे पडद्यावर काहीही नव्हतं, तिथे बारीक टायपात एक ओळ होती.

'दुसऱ्या रांगेतल्या चष्मेवालीला पंख्याखाली बसवू नये. कागद उडतो. ती लाजून उचलत नाही.'

"हे काय?" सर म्हणाले.

झेरॉक्सवाला अनुभवी होता. "पांढऱ्या रंगात टाइप केलेलं असणार सर. पांढऱ्यावर पांढरं, दिसत नाही. माझं मशीन सगळी अक्षरं काळी करून छापतं, म्हणून बाहेर आलं. तुमच्या बाई सूचना लिहून ठेवत असतील, फाईलबरोबर राहून गेल्या."

किती सरळ! सरांना हायसं वाटलं. बिचाऱ्या बाई, सुपरव्हिजनवाल्यांसाठी लिहून ठेवत होत्या, आणि कोणी कधी वाचलं नाही. त्यांनी इतर शिक्षकांचेही पेपर छापून पाहिले. प्रत्येकाच्या तळाशी एक ओळ. भाषेच्या पेपरवर, 'डावखुऱ्याला बाकाच्या टोकाला बसवावे. मध्ये बसला की कोपराला धक्का लागतो.' चित्रकलेच्या पेपरवर, 'तीन तास कशाला? दीड तासाने मुले झोपतात.' ही ओळ सरांनी दोनदा वाचली. बाईंबद्दलचा त्यांचा आदर फार वाढला.

शाळेत येऊन त्यांनी विज्ञानाच्या मॅडमना तो कागद दाखवला. मॅडम आधी हसल्या. मग हसता हसता थांबल्या.

"सर, नववीच्या वर्गाला पंखा कधी बसवला?"

"कधी म्हणजे? या जानेवारीत."

"आणि बाई जाऊन?"

सरांनी वजाबाकी केली. गणित सोपं होतं, पण उत्तर मांडावंसं वाटेना. मॅडमनी वर्गाच्या दारातून आत बोट दाखवलं. दुसऱ्या रांगेत, पंख्याखाली, एक चष्मेवाली मुलगी वहीवर दोन्ही कोपरं दाबून लिहीत होती. तिचा एक कागद खाली पडला होता. ती त्याच्याकडे बघत होती, उचलत नव्हती.

गणिताचे सर भित्रे नव्हते. फक्त त्या दिवशी ते शिक्षकांच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसले, एवढंच. शुक्रवारी त्यांनी इतरांची प्रत्येक फाईल उघडली, सगळं पान निवडलं आणि तळाची न दिसणारी ओळ शोधून शोधून पुसली. पुन्हा भाजली. पुन्हा छापली. तळाला नवी ओळ होती.

'पुसले तरी चालेल. पण समास हलला.'

सरांनी पट्टी लावून पाहिली. डावीकडचा समास खरोखरच हलला होता.

मॅडम म्हणाल्या, "त्यांची फाईलच नको. मी कोऱ्यावर नव्याने करते." त्या तिसऱ्या तासाला बसल्या त्या शाळा सुटेपर्यंत बसल्या होत्या. घाम गाळून त्यांनी डोकं जमवलं, विज्ञानाचा पेपर नवा कोरा केला. 'लेखक' रकान्यात त्यांचं स्वतःचं नाव आलं. छापला. प्रश्नपत्रिका एका पानात बसली, आणि मशीनने न सांगता दुसरं पान बाहेर ढकललं. पूर्ण कोरं, फक्त तळाशी तीन शब्द. 'शीर्षक मधोमध नाही.'

दोन मिलिमीटर डावीकडे होतं.

मॅडमनी पर्स उचलली. "सर, मला ताप आलाय," म्हणाल्या, आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना खरंच ताप होता.

अशा प्रसंगी शेजारी धावून येतात. सरांच्या समोरच्या घरात एक निवृत्त पोस्टमास्तर राहायचे. जगात अशी अडचण नव्हती जिच्यावर त्यांच्याकडे उपाय नव्हता, आणि असा उपाय नव्हता ज्याने अडचण वाढली नव्हती. संध्याकाळी चहा घेत ते म्हणाले, "फाईलच्या नादी लागायचंच नाही. पडद्यावर पेपर उघडायचा, त्याचा फोटो काढायचा, फोटोची पीडीएफ करायची. फोटोत जे दिसतं तेवढंच येतं. जे दिसत नाही ते येणार कुठून?"

तर्क बिनतोड होता. सरांनी मोबाईल उचलला, फोटो काढला आणि दोघांनी डोकी जवळ आणून पाहिलं. पेपर छान आला होता. पडद्याच्या काचेत मोबाईल धरलेले सर दिसत होते, कप धरलेले पोस्टमास्तर दिसत होते आणि दोघांच्या मागे जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची दिसत होती, बाहेर ओढलेली, कोणी दोघांच्या खांद्यावरून नीट वाचता यावं म्हणून पुढे सरकवून बसलेलं असावं तशी.

दोघांनी एकदम मागे पाहिलं. खुर्ची टेबलाखाली ढकललेली होती.

"प्रकाशाचा खेळ," पोस्टमास्तर म्हणाले आणि उठले. दारात बायकोने विचारलं, "भाऊजी, चहा?" ते थांबले नाहीत. बायको कपाकडे बघत राहिली. "सतरा वर्षांत यांनी आपल्याकडे अर्धा कप ठेवला नव्हता," म्हणाली. तेव्हा कुठे तिचाही चेहरा जरा उतरला.

शेवटी मार्ग काढला तो झेरॉक्सवाल्याने. "सर, मी मशीनची ती सेटिंगच बंद करतो. पांढरं ते पांढरंच छापेल. ओळ असू दे की तिथे. दिसली नाही म्हणजे झालं." शनिवारी सगळे पेपर छापून झाले. सरांनी एकेक गठ्ठा बघितला. तळ स्वच्छ. पाकिटं बंद झाली, लाख लागली. अध्यक्षांनी प्रत्येक लाखेच्या शेजारी सही केली आणि म्हणाले, "वा. आता सोमवारी ही पाकिटं अशीच्या अशी माझ्यासमोर फोडा, आणि मग तुम्ही माझ्याबरोबर मोठ्या खोलीत चला." मोठी खोली म्हणजे मुख्याध्यापकांची. चित्रकलेचे सर तेव्हा तिथेच होते. ते खिडकीबाहेरच्या एका झाडाकडे बघत राहिले, त्याचं चित्र काढायचं असल्यासारखे.

रविवारी सकाळी सर इतके खूश होते की त्यांना आपला स्वतःचा पेपर एकदा डोळे भरून पाहावासा वाटला. या सगळ्या धांदलीत सातवीचा गणिताचा पेपर त्यांनी तपासलाच नव्हता. तपासायचं काय? बावीस वर्षांत त्यात स्वल्पविराम हलला नव्हता. घरच्या छोट्या प्रिंटरवर त्यांनी एक प्रत काढली. घरच्या प्रिंटरला झेरॉक्सवाल्याची सेटिंग ठाऊक नव्हती.

'प्रश्न चार बदलावा. ब तुकडी, शेवटचा बाक. दहा वर्षांनी वडिलांचे वय किती, हे तिला विचारू नये.'

प्रश्न चार सरांचा लाडका होता. 'आज वडिलांचे वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे. दहा वर्षांनी ते दुपटीपेक्षा चारने अधिक होईल. तर दहा वर्षांनी वडिलांचे वय किती?' सातवी ब त्यांचाच वर्ग. शेवटच्या बाकावरची ती मुलगी त्यांना आठवत होती, म्हणजे तिचा हजेरी क्रमांक आठवत होता. त्यांनी कपाटातून घरी आणून ठेवलेला हजेरीपट काढला. मागच्या महिन्यात आठ दिवस गैरहजर. पानांत घडी करून ठेवलेला रजेचा अर्ज होता, मुलीच्याच अक्षरातला. कारण : वडील वारले. खाली सरांची सही. आणि सहीखाली, त्यांच्याच हातचा, लाल शाईतला शेरा. 'अर्ज वेळेत द्यावा.'

त्यांनी वाचला नव्हता. सही केली होती, शेरा मारला होता, वाचला नव्हता.

"काय झालं हो?" बायकोने विचारलं. सरांनी दोन्ही कागद तिच्यापुढे ठेवले. तिने वाचले. मग रजेचा अर्ज होता तसा घडी घालून तिने सरांच्या हातात दिला.

"पाकीट फोडलं तर खुर्ची गेली," सर म्हणाले. "सही आहे अध्यक्षांची."

"मी तुम्हाला काही म्हटलं का?"

"नाही."

"मग मला का सांगताय?"

सर टेबलाशी जाऊन बसले. बावीस वर्षांत त्यांनी नवा प्रश्न केला नव्हता. आता करायला घेतला तर कळलं की ते फार धोक्याचं काम आहे. "आठ माणसं एक काम बारा दिवसांत करतात," ते मोठ्याने म्हणाले. "त्यातली दोन सोडून गेली, तर..."

"कुठे गेली?" बायको म्हणाली.

सरांनी खोडलं. "दोन गाड्या समोरासमोरून येत आहेत."

"अगं बाई!"

खोडलं. "एका टाकीला गळती आहे. ती किती वेळात रिकामी होईल?"

"त्या घरात पाणी कोण भरतं? मुलगीच ना?"

दुपारचा एक वाजला. शेवटी सरांनी लिहिलं, एका कपाटाला सात खण आहेत, प्रत्येक खणात खालच्यापेक्षा तीन पुस्तकं जास्त, एकूण एकशे सत्तेचाळीस. तर सगळ्यांत वरच्या खणात किती? बायकोने दोनदा ऐकलं. "हं," ती म्हणाली. "यात कोणी जात नाही. राहू द्या."

झेरॉक्सवाल्याने रविवारचं दुकान उघडलं ते सरांचा चेहरा बघून. सातवी ब चं पाकीट सरांनी स्वतः फोडलं. लाखेचा तुकडा पडला तो त्यांनी उचलून खिशात टाकला. बेचाळीस प्रती नव्याने छापल्या, आणि या वेळी त्यांनी मुद्दाम मशीनला सगळी अक्षरं काळी करायला लावली. बेचाळीस तळ, एकेक करून, उजेडाला धरून पाहिले. कोरे. एवढं करून शाबासकीची एक ओळ नाही, म्हणून सरांना किंचित राग आला. आपल्याला राग आलाय हे लक्षात आल्यावर मात्र ते घाबरून लवकर घरी गेले.

सोमवारी अध्यक्षांनी फुटलेली लाख पाहिली. "हे काय?"

"एक प्रश्न बदलला."

"कोणाच्या परवानगीने?"

सर खरं सांगू शकले असते. पण खरं सांगायचं म्हणजे वारलेल्या टायपिस्टचं नाव घ्यायचं, आणि त्या मुलीचं घर सगळ्यांपुढे मांडायचं. "चूक होती," ते म्हणाले. "माझीच."

"बिनचूक म्हणालो होतो मी," अध्यक्ष म्हणाले, आणि चित्रकलेच्या सरांच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्या खोलीकडे वळले. गणिताच्या सरांना सुपरव्हिजनला पाठवलं गेलं, सातवी ब वर.

पेपर वाटले. दहा मिनिटांत वर्गात कुजबुज सुरू झाली. पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा हात वर करून रडवेल्या आवाजात ओरडला, "सर! चार नंबरला वडील नाहीत!"

सर जागच्या जागी वळले. शेवटच्या बाकावरच्या मुलीने मान वर केली, पेपर पाहिला, मग त्या मुलाकडे पाहिलं.

"कपाट आहे," ती म्हणाली. "वाच की नीट. सोपं आहे." आणि खाली मान घालून लिहू लागली.

तीन तासांनी बाकीचा वर्ग सरांच्या नावाने खडे फोडत बाहेर पडला. घोकलेले पाच गुण गेले होते. ती सगळ्यांत शेवटी आली. उत्तरपत्रिका दिली, प्रश्नपत्रिका हातातच ठेवली.

"सर, ही घरी न्यायची ना?"

"न्यायची."

"खाली लिहिलंय ते कोणी लिहिलंय?"

सर खुर्चीवरून उठले. "काय लिहिलंय?"

तिने कागद आपल्याकडे वळवून एकदा वाचला. ओठ हलले, आवाज आला नाही. मग तिने सरांकडे असं पाहिलं, जसं मोठी माणसं लहानांकडे पाहतात.

"ते मला लिहिलंय," ती म्हणाली. कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि निघून गेली.

एक मुलगा गैरहजर होता, त्याची प्रत उरली होती. सरांनी ती खिडकीशी नेली, तिरपी धरली, उलटी केली. कोरी. बाहेर व्हरांड्यात कोणी नाही हे बघून ते रिकाम्या वर्गाकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, हा प्रश्न तरी ठीक आहे ना?"

उत्तर आलं नाही. सर उत्तरपत्रिका क्रमाने लावायला बसले. शिक्षकांशी बाई फक्त चूक असली तरच बोलत असत.